'डिस्क दिसत नाही': पण कोणाला?

(जळगाव येथे संगणक-दुरुस्ती आणि सर्व्हर-देखभालीचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

एप्रिलमधल्या एका दुपारी धुळ्यातल्या एका निदान केंद्रातून मला फोन आला. तिथले संगणकाचे काम पाहणारा तरुण घाईघाईने म्हणाला, "भाऊ, चार डिस्का दिसतस नही ना!" सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या प्रतिमा ज्या स्टोरेज सर्व्हरवर साठवल्या जात, त्यात आठ एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, फ्लॅश-चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्क, होत्या. वीज गेली, यूपीएसने काही मिनिटे भार ओढला, मग तोही बसला; आणि वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू झाला तेव्हा आठांपैकी चारच डिस्क यादीत उरल्या होत्या. मी त्याला विचारले, की दिसत नाहीत म्हणजे नेमक्या कोणाला दिसत नाहीत? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कोनले म्हंजे? माले."

या उत्तराला हसण्यासारखे काही नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक जण वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो आहोत. पडद्यावरच्या यादीत नाव नाही, म्हणजे डिस्क गेली. वास्तविक ते नाव पडद्यावर येण्याआधी त्या डिस्कला पाच-सहा जणांनी ओळखलेले असावे लागते. आधी तिला वीज मिळाली पाहिजे. मग तिच्या आणि कंट्रोलरच्या (डिस्कना यंत्राशी जोडणाऱ्या चिपच्या किंवा कार्डाच्या) दरम्यान दुवा जुळला पाहिजे. कंट्रोलरने तिला स्वतःजवळ न ठेवता पुढे दाखवले पाहिजे. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, तिच्याशी बोलून तिचा आकार आणि ओळख मान्य केली पाहिजे. आणि शेवटी रेड किंवा झेडएफएसचा पूल, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा चालवणाऱ्या व्यवस्था, यांनी तिच्यावरची स्वतःची खूण वाचली पाहिजे. यातल्या कोणत्याही टप्प्यावर गाडी अडली तरी माणसाला दिसणारे लक्षण एकच असते. म्हणून "दिसत नाही" या तक्रारीवर पहिले काम दुरुस्तीचे नसून, ती शेवटची कोणाला दिसली होती हे शोधण्याचे असते.

आपल्या भागात ठिबक नसलेले शेत आता विरळाच. केळीच्या चार ओळींना एकदम पाणी येईनासे झाले तर कोणताही शेतकरी त्या चार ओळींचे ड्रिपर उपसत बसत नाही. तो त्या चारांना मिळून जो व्हॉल्व्ह आहे तिथे जातो. चार एसएसडी एकाच मिनिटाला गायब झाल्या, तर चारही एकदम मेल्या असे मानण्यापूर्वी त्या चौघींमध्ये सामाईक काय आहे ते पाहावे. आठ बेच्या (डिस्क सरकवण्याच्या कप्प्यांच्या) साध्या बॅकप्लेनवर, म्हणजे कप्प्यांमागच्या जोडणी-पाटीवर, बहुधा एका मिनी-सॅस केबलवर चार बे असतात, आणि वीजही अनेकदा चार-चारांच्या गटांत येते. त्यामुळे मी त्या तरुणाला फोनवरच विचारले, की गेलेल्या चार डिस्क शेजारी-शेजारी आहेत का? त्याने दिलेल्या उत्तराकडे मी शेवटी येईन, कारण तोपर्यंत त्याने एक गोष्ट करून ठेवली होती जी तुमच्यापैकी अनेकांनीही केली असती.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी मदरबोर्डवरच्या चार साटा (साध्या संगणकांतली नेहमीची डिस्क-जोडणी) पोर्टांतून केबल काढून बॅकप्लेनच्या एका मिनी-सॅस सॉकेटला जोडली. केबल नवी होती, एका टोकाला चार साटा, दुसऱ्या टोकाला एक मिनी-सॅस, सर्व काही खटकन बसले, आणि एकही डिस्क दिसेना. मी डिस्क बदलल्या, पोर्ट बदलले, बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत केले, आणि शेवटी चार नव्या एसएसडी सदोष ठरवून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे कुरिअरने परत पाठवल्या. त्याने त्या तपासून जशाच्या तशा परत केल्या. दोष केबलचा होता, आणि तोही दोष म्हणता येणार नाही असा. अशी केबल दोन प्रकारची मिळते: एक फॉरवर्ड, जी कंट्रोलरच्या मिनी-सॅसमधून निघून चार सुट्या डिस्कना जाते, दुसरी रिव्हर्स, जी चार साटा पोर्टांतून निघून बॅकप्लेनच्या मिनी-सॅसला जाते. दोन्हींची टोके हुबेहूब सारखी असतात, पण आतल्या तारांची पाठवण्याची आणि घेण्याची बाजू उलट असते. चुकीची केबल काही जाळत नाही, ठिणगी पडत नाही, दिवा लाल होत नाही. फक्त दोन्ही टोके बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही. त्या दिवसापासून मी केबल आणली की तिच्यावर प्रकार लिहूनच ठेवतो.

बसते म्हणजे चालते, हा समज एसएसडीच्या बाबतीत विशेष घातक आहे, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत साटा, सर्व्हरांतली सॅस आणि वेगवान एनव्हीएमई अशा तीन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या डिस्क जवळजवळ एकाच अंगाच्या खोबणीत बसू लागल्या. साटा डिस्क सॅस कंट्रोलरवर चालते. सॅस डिस्क साटा पोर्टावर चालत नाही, आणि तिच्या कनेक्टरमधली मधली खाच भरलेली असल्यामुळे ती साध्या साटा कनेक्टरमध्ये शिरतही नाही, म्हणून तिथे घोळ कमी होतो. खरा घोळ एनव्हीएमईने केला. अडीच इंची यू.२ डिस्क ही एनव्हीएमई बोलणारी; ती पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या विस्तार-कार्डांच्या वाटेच्या, चार लेनवर बोलते, सॅसच्या तारांवर नव्हे. सर्व्हरच्या तोंडाशी चोवीस बे एकसारखे दिसतात, पण एनव्हीएमईच्या तारा त्यातल्या शेवटच्या चार बेपर्यंतच नेलेल्या असू शकतात; उरलेल्या वीसांत ती डिस्क कितीही वेळा काढून घातली तरी तिचे कोणी ऐकणार नाही. पुढे यू.३ आले. यू.३ची डिस्क यू.२च्या बेमध्ये चालते, मात्र यू.२ची डिस्क निव्वळ यू.३साठी तारा ओढलेल्या बेमध्ये चालत नाही. हे नाते एकतर्फी आहे, आणि जुनी डिस्क नव्या सर्व्हरमध्ये हलवताना नेमके तेच आडवे येते. एम.२च्या पट्टीचेही असेच: २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी तीच पट्टी साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही, आणि मदरबोर्डवरचा एखादा सॉकेट त्यातली एकच भाषा जाणतो. अशा वेळी दुरुस्ती हत्याराने होत नाही, सर्व्हरची पुस्तिका उघडावी लागते.

विजेच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. अडीच इंची साटा एसएसडी पाच व्होल्टवर चालते. साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या मोटरला लागणाऱ्या बारा व्होल्टशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे बॅकप्लेनवरचे पंखे फिरत आहेत किंवा शेजारची हार्ड डिस्क घरघरते आहे म्हणजे वीज ठीक आहे, असा निष्कर्ष एसएसडीसाठी काढता येत नाही. दुसरी गोष्ट ३.३ व्होल्टची आहे. साटाच्या ३.३ आवृत्तीपासून वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला एक नवे काम दिले गेले: त्या पिनवर वीज आली तर डिस्कने बंद राहावे, म्हणजे डेटा सेंटरमध्ये बसून दूरवरची अडकलेली डिस्क बंद-चालू करता येते. जुन्या पॉवर सप्लायमध्ये त्याच पिनवर ३.३ व्होल्ट कायम वाहत असतात. डेटा सेंटरसाठी बनलेली, ही सोय असलेली डिस्क अशा सप्लायवर लावली की तिला जन्मभर "झोप" असाच हुकूम मिळत राहतो. चार पिनांच्या जुन्या मोलेक्समधून बदलून घेतलेल्या जोडणीत ३.३ व्होल्ट नसतात, म्हणून तीच डिस्क तिथे लगेच उठते. कॅप्टॉन टेपचा (वीज अडवणाऱ्या चिकटपट्टीचा) बारीक तुकडा पिनवर चिकटवणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील; ते त्यासाठीच.

आता कंट्रोलरकडे येऊ. रेड कंट्रोलर हा मुळात डिस्क लपवणारा माणूस आहे, आणि तेच त्याचे काम आहे. त्याच्यामागे आठ डिस्क असल्या तरी तो ऑपरेटिंग सिस्टिमला एकच व्हर्च्युअल डिस्क दाखवतो. नवी लावलेली डिस्क कोणत्याही समूहात घातलेली नसेल तर तो ती स्वतःच्या मेनूत दाखवतो आणि पुढे काहीच सांगत नाही. झेडएफएससारखी व्यवस्था वापरायची असेल तर असा कंट्रोलर जेबॉड किंवा एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क न लपवता सरळ पुढे देणारा, हवा, आणि काही जुन्या कार्डांना त्यासाठी आयटी मोडचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतला प्रोग्राम) भरावे लागते. एका सर्व्हरमधली डिस्क दुसऱ्यात लावली की असा कंट्रोलर तिला "फॉरेन" म्हणतो आणि विचारतो, आधीची मांडणी आयात करू की पुसू? पुसण्याचे बटण तिथेच शेजारी असते. विंडोजमध्ये त्याचा भाऊ म्हणजे "इनिशिअलाइज डिस्क" ही खिडकी. डिस्क नवी कोरी आहे हे शंभर टक्के ठाऊक असल्याशिवाय या दोन्ही ठिकाणी "हो" म्हणू नये. डिस्क न दिसण्याच्या प्रकरणात माहिती गेलेली मी पाहिली आहे, आणि ती बहुतेक वेळा डिस्क दिसू लागल्यानंतरच्या पाच मिनिटांत गेलेली आहे.

जुन्या बाजारातून स्वस्तात मिळणाऱ्या सॅस एसएसडी आता आपल्याकडेही येऊ लागल्या आहेत. मोठ्या स्टोरेज ॲरेमधून काढलेल्या अशा डिस्कवर अनेकदा प्रत्येक सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो. वरचे आठ बाइट त्या ॲरेची यंत्रणा पडताळणीसाठी वापरत असे. लिनक्सला ती डिस्क सापडते, तिचे नाव आणि क्रमांकही वाचता येतो, पण कर्नल "५२० हा सेक्टरचा आकार चालत नाही" असे नोंदवतो आणि क्षमता शून्य दाखवतो. एसजी-फॉरमॅट या साधनाने तिला पुन्हा ५१२वर आणता येते. अर्थात त्यात जुने सर्व काही पुसले जाते. डिस्क मेलेली नसते, फक्त परक्या मापाची असते. गिऱ्हाइकाला मात्र व्यापाऱ्याने फसवले असेच वाटते, आणि माझ्या मते माप न सांगता विकणे हीही एक प्रकारची फसवणूकच.

एनव्हीएमईच्या बाबतीत मला जरा सावकाश बोलायचे आहे, कारण इथे पुरावा सर्वांत चांगला मिळतो आणि आपण तो सर्वांत कमी वाचतो. एक लांब स्लॉट आणि त्यात चार एम.२ पट्ट्या बसवण्याचे साधे कार्ड घेतले, चार पट्ट्या लावल्या, आणि एकच दिसली, तर कार्ड खराब नसते. सोळा लेनचा तो स्लॉट चार-चार लेनच्या चार भागांत विभागायला बायोसमध्ये सांगावे लागते. त्याला बायफर्केशन म्हणतात, आणि ज्या मदरबोर्डला ते येत नाही त्याला स्वतःचा स्विच असलेले महाग कार्डच घ्यावे लागते. इंटेलच्या काही सर्व्हर-बोर्डांवर व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क आपल्या ताब्यात घेणारी सोय) चालू असेल तर डिस्क बायोसला दिसतात आणि विंडोज बसवताना दिसत नाहीत, कारण त्या व्हीएमडीच्या पडद्याआड गेलेल्या असतात आणि तो पडदा उघडणारा ड्रायव्हर त्या क्षणी लोड केलेला नसतो. ही सगळी सेटिंगची प्रकरणे झाली. सेटिंग ठीक असूनही डिस्क येत नसेल तर दोन कमांड पुरतात.

पहिली एलएसपीसीआय. ती पीसीआयवर कोण-कोण हजर आहे ते सांगते. डिस्क तिथेच नसेल तर पुढे लिनक्सच्या ड्रायव्हरला, फाइल सिस्टिमला किंवा स्वतःच्या नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही. शोध खाली, केबल, रायझर (स्लॉट आणि कार्ड यांच्यामधला जोडतुकडा), बे आणि वीज इकडे वळवावा. डिस्क हजर असेल तर तीच कमांड सविस्तर चालवून दुव्याची रुंदी पाहावी. चार लेनची क्षमता आणि प्रत्यक्षात एकच लेन, शेजारी "डाउनग्रेडेड" हा शब्द, असे दिसले की कुठेतरी एखादी पिन किंवा तार अर्धवट लागते आहे. चौथ्या पिढीचा वेग प्रति लेन सेकंदाला १६ गिगाट्रान्सफर असतो, तिसऱ्या पिढीचा ८. तिसऱ्या पिढीच्या काळातला रायझर किंवा लांब केबल दुप्पट वेगाला पुरत नाही, आणि मग डिस्क कधी येते, कधी जाते. बायोसमध्ये तो स्लॉट तात्पुरता तिसऱ्या पिढीवर बांधून पाहावा. डिस्क स्थिर झाली तर निदान झाले, आणि आता केबलचे पैसे मागायला हरकत नाही.

दुसरी कमांड डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी. एनव्हीएमई डिस्क पडल्यावर त्यात सीएसटीएस या नावापुढे एक आकडा छापलेला असतो. तो डिस्कच्या स्थितीच्या नोंदवहीचा आकडा आहे. तिथे शून्य-एक्सनंतर आठ वेळा एफ असेल, तर ते डिस्कचे उत्तर नव्हेच. पीसीआयवर समोरून कोणीच बोलले नाही की सगळे बिट १ असेच वाचले जातात, आणि त्याचे छापील रूप म्हणजे ते आठ एफ. दुवा तुटला, वीज गेली किंवा डिस्क पूर्ण गोठली, असा त्याचा अर्थ. याउलट "डिव्हाइस नॉट रेडी" आणि पुढे आकडा शून्य असेल, तर दुवा शाबूत आहे, डिस्क ऐकते आहे, पण "मी तयार आहे" असे ती अजून म्हणालेली नाही. एकाच "दिसत नाही"ची ही दोन निदाने आहेत आणि दोन्हींची औषधे निराळी. पहिल्यात स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा लागतो, दुसऱ्यात आधी वाट पाहावी लागते.

वाट पाहणे हे इथे शब्दशः घ्यावे. एसएसडीमध्ये कोणती माहिती कोणत्या फ्लॅश पानावर आहे याचा एक मोठा नकाशा असतो आणि चालू कामात तो बहुधा तिच्या रॅममध्ये असतो. वीज अचानक गेली की नकाशाची शेवटची प्रत अपुरी राहते, आणि पुन्हा वीज आल्यावर डिस्कला तो फ्लॅशवरच्या खुणा वाचून नव्याने जुळवावा लागतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या चांगल्या एसएसडीवर कपॅसिटरांची एक रांग असते. वीज गेल्यावर त्यांच्यात उरलेल्या शक्तीवर ती नकाशा लिहून घेते. घरगुती डिस्कवर ही रांग नसते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी वादळी वाऱ्याने दिवसातून चार वेळा वीज येते-जाते, आणि स्वस्त मिळाल्या म्हणून घरगुती डिस्क स्टोरेज सर्व्हरमध्ये घालणारे लोक त्या महिन्यात मला हमखास फोन करतात. एनव्हीएमईच्या नियमांत डिस्क स्वतःच सांगते, की तयार व्हायला मला जास्तीत जास्त किती वेळ लागेल. हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या मापात असतो आणि १२७.५ सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. एखादे बायोस तेवढे थांबत नाही. मग थंड यंत्र सुरू केल्यावर डिस्क नाही, आणि वीज न काढता नुसते रीस्टार्ट केले की डिस्क हजर, असा प्रकार घडतो. साटा डिस्कच्या बाबतीत तर फक्त वीज देऊन, डेटा केबल काढून, वीस-तीस मिनिटे तशीच ठेवून पाहण्याचा उपाय बनवणारेही सुचवतात. मी हा उपाय अनेकदा केला आहे. दर वेळी यश येत नाही, पण तो करून पाहण्यात नुकसान काहीच नाही.

क्वचित डिस्क दिसते, पण दुसऱ्याच नावाने. २०११मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही एसएसडी वीज गेल्यानंतर स्वतःची क्षमता केवळ ८ एमबी सांगू लागल्या आणि कंपनीला नवे फर्मवेअर द्यावे लागले. फायसनच्या एस-११ कंट्रोलरवरच्या स्वस्त डिस्क बिघडल्या की उत्पादकाचे नाव विसरून "साटाफर्म एस-११" असे नाव सांगतात. असे नाव यादीत दिसले की केबल बदलत बसू नये. डिस्कच्या आतले फर्मवेअर लोड झालेले नाही आणि ती केवळ आपल्या मूळ बूट-कोडमधून बोलते आहे.

फर्मवेअरचा सर्वांत शिकवणारा प्रसंग मात्र २०१९चा आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही सॅस एसएसडींविषयी सूचना काढली, की एचपीडी-८च्या आधीचे फर्मवेअर असलेल्या त्या डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील आणि त्यानंतर डिस्कही वाचणार नाही, तिच्यावरची माहितीही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ज्यांनी थोडेफार प्रोग्रामिंग केले आहे त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. दोनाचा पंधरावा घात, सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात न मावणारी पहिली संख्या. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या काही डिस्कसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. त्याआधी २०१२च्या जानेवारीत क्रुशिअलच्या एम-४ डिस्क ५,१८४ तासांनंतर अडकत होत्या, त्यालाही फर्मवेअरनेच आराम पडला. यातली भयंकर बाब अशी, की रेडमधल्या सर्व डिस्क एकाच दिवशी विकत घेऊन एकाच दिवशी चालू केलेल्या असतात. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेईल हा रेडचा सगळा भरवसा, पण तासांचे घड्याळ सगळ्यांचे सारखेच चालते. मघाशी मी म्हणालो, की चार डिस्क एकदम गेल्या तर सामाईक व्हॉल्व्ह शोधा. तो व्हॉल्व्ह कधीकधी तारेत नसतो, तारखेत असतो. म्हणून डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद (स्मार्ट) वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनाने चालू तास वाचणे आणि फर्मवेअरची आवृत्ती वहीत लिहिणे हे काम डिस्क दिसत असतानाच करावे.

स्मार्टमधला आणखी एक आकडा साटा डिस्कसाठी फार बोलका आहे: १९९ क्रमांकाचा, सीआरसी चुकांचा. डिस्क आणि कंट्रोलरच्या दरम्यान वाटेत बिघडलेल्या निरोपांची ती मोजणी आहे आणि ती कधी शून्यावर येत नाही. म्हणून एका दिवशीचा आकडा निरुपयोगी. आज लिहावा, केबल बदलावी, आठवड्याने पुन्हा पाहावा. वाढला नाही, तर केबलच गुन्हेगार होती.

उकाड्याविषयी न बोलता जळगावात व्याख्यान संपवता येणार नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना, जिनिंगच्या आवारातल्या एका खोलीत मी असा सर्व्हर पाहिला, ज्याच्या पुढच्या जाळीवर रुईची गादी बसली होती, अक्षरशः बोटाने उचलून काढता येईल अशी. त्यातली एक एनव्हीएमई डिस्क रोज दुपारी दोननंतर गायब होई आणि सकाळी परत येई. अशा डिस्क तापमान वाढले की आधी वेग कमी करतात आणि धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यास स्वतःला वाचवण्यासाठी बोलणेच सोडतात. बहुतेक एसएसडींची चालू स्थितीतली मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते, पण ते तापमान डिस्कचे असते, खोलीचे नव्हे, आणि या दोहोंतले अंतर हवाच नसेल तर फार लवकर भरून निघते. जाळी साफ करून झाल्यावर त्या डिस्कची तक्रार पुन्हा आली नाही.

कपाटात काढून ठेवलेल्या डिस्कचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक-संस्थेच्या मानकानुसार, लेखनाचे आयुष्य पूर्ण वापरून झालेल्या सर्व्हर-वर्गाच्या एसएसडीने बंद अवस्थेत, ४० अंशांवर, तीन महिने माहिती टिकवली पाहिजे. घरगुती वर्गाच्या डिस्कने ३० अंशांवर एक वर्ष. हा आकडा अनेक जण कोऱ्या डिस्कलाही लावतात आणि विनाकारण घाबरतात. तो घासून संपलेल्या डिस्कचा आहे. तरीही पत्र्याखालच्या खोलीत, मार्च ते जून, जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्क बॅकअप म्हणून ठेवणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

कर्नलपर्यंत सगळे नीट असून डिस्क न येण्याचे एक अलीकडचे कारण सांगतो आणि धुळ्याकडे वळतो. प्रत्येक एनव्हीएमई डिस्कला जगात एकमेव अशी ओळख असायला हवी, पण काही स्वस्त डिस्कचे उत्पादक सगळ्या डिस्कवर तीच ओळख छापून मोकळे होतात. पूर्वी लिनक्स त्याकडे काणाडोळा करत असे; मग काही आवृत्त्यांत तो दुसरी डिस्क "ओळख दुबार आहे" असे नोंदवून नाकारू लागला, आणि २०२३नंतरच्या आवृत्त्यांत ही सक्ती बरीच सैल झाली. त्या मधल्या आवृत्त्यांवर एकेकटी लावली तर दोन्ही चालतात, जोडीने एकच. जुळ्या भावांच्या आधार कार्डावर एकच क्रमांक यावा तसे हे आहे, आणि त्यात अडवणाऱ्या कारकुनाची चूक नाही.

तर धुळ्याचा तो सर्व्हर. फोन करण्यापूर्वी त्या तरुणाने आठही ट्रे बाहेर काढून, फुंकून, जसे हाताला येतील तसे परत घातले होते. गेलेल्या डिस्क शेजारी-शेजारी होत्या का, या प्रश्नाचे मूळ उत्तर त्यामुळे पुसले गेले होते. मी त्याला आणखी काहीही न करता फक्त एक सांगायला सांगितले: आता कोणते बे रिकामे दिसतात? पाच ते आठ, तो म्हणाला. डिस्कची अदलाबदल झाली तरी रिकामे बे एका गटात उरले होते, म्हणजे दोष डिस्कबरोबर फिरला नाही, बेला चिकटून राहिला. नकळत त्याने चाचणीच केली होती. एरवी ही चाचणी मी एका वेळी एकच डिस्क हलवून, आणि आधी प्रत्येक ट्रेवर तिचा सीरियल क्रमांक चिकटवून करतो.

संध्याकाळी तिथे पोचल्यावर पूल बंद असल्याची खात्री केली, सर्व्हर बंद केला आणि झाकण काढले. मिनी-सॅसच्या दोन केबल आपसात बदलल्या तरी पाच ते आठच रिकामे राहिले, म्हणजे केबल आणि कंट्रोलर दोन्ही सुटले. उरली वीज. बॅकप्लेनला चार पिनांचे दोन मोलेक्स होते, एकेक चार-चार बेना. दुसरा कनेक्टर हाताला घट्ट लागत होता. मीटरवर पिवळ्या तारेला बारा व्होल्ट पूर्ण. लाल तारेला, म्हणजे पाच व्होल्टला, भाराशिवाय ४.९ आणि एक डिस्क लावताच तीनच्याही खाली. कनेक्टर काढला तेव्हा लाल तारेची पिन प्लास्टिकमध्ये दोनेक मिलिमीटर मागे सरकलेली आणि तोंडाशी काळी पडलेली होती. ती बहुधा वर्षभर जेमतेम टेकून काम करत असावी. वीज परत येतानाच्या एकदम ओढीला ती पुरली नाही.

नवी जोडणी बसवल्यावर आठही डिस्क आल्या. क्रम बदलला होता, पण झेडएफएस डिस्कवरची स्वतःची खूण वाचतो, बेचा क्रमांक नाही, त्यामुळे पूल एका कमांडने आयात झाला. मग स्क्रब, म्हणजे पूलमधल्या सर्व माहितीची पडताळणी, लावला, तो रात्री साडेअकराला एकही चूक न दाखवता संपला, आणि तोवर आम्ही दोघांनी ट्रेवर सीरियल क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या.

तो कनेक्टर मी सोबत आणला आहे. पुढच्या रांगेपासून फिरवतो. लाल तारेची पिन समोरून पाहिली तर ठीकच वाटते, म्हणून मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून पाहावी.